स्पष्ट आणि धूसर : एका दृश्याची दोन चित्रे

पहाटेच्या धुक्यात उभे असलेले एखादे झाड पाहून परतलेल्या माणसाला त्या झाडाचे वर्णन करावयास सांगितले, तर तो पानांचा आकार किंवा फांद्यांची संख्या सांगत नाही. तो ओलसर उजेडाविषयी बोलतो, सगळीकडे पसरलेल्या राखी-हिरव्या रंगाविषयी बोलतो. पण थोडे खोदून विचारले तर एखादी वाकडी फांदी, बुंध्यावरचे शेवाळ, असे एकदोन तपशील त्याला अगदी नेमके आठवतात. आपल्या स्मरणात दृश्य राहते ते असे : थोड्या रेषा स्पष्ट, आणि त्यांच्याभोवती बराचसा धूसर भाग.

कॅमेरा मात्र या दोहोंपैकी एकच गोष्ट देऊ शकतो. भिंग नीट जुळविले तर सारे दृश्य स्पष्ट येते आणि वातावरण हरवते. भिंग जुळविले नाही तर वातावरण येते, पण ते कशाचे आहे हे कळत नाही. एकाच दृश्याची एक स्पष्ट व एक धूसर अशी दोन चित्रे घेऊन ती एकत्र केली, तर ही अडचण काही अंशी दूर होते. ही रीत कोठून आली, तिच्यामागचे प्रकाशाचे गणित कोणते आणि ती प्रत्यक्षात कशी आणावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

दोन जुने पक्ष

स्पष्टता की धूसरता, हा वाद छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. १८३९ मध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा लोकांना सर्वांत मोठे आश्चर्य वाटले ते चित्रातील बारीक तपशिलांचे. भिंगातून पाहिले असता दूरच्या भिंतीवरील विटासुद्धा मोजता येतात, ही गोष्ट चित्रकाराच्या आवाक्याबाहेरची होती. तपशील हेच नव्या कलेचे बलस्थान आहे अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली.

या समजुतीला छेद देणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी व जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या इंग्लंडमध्ये राहत होत्या. त्यांनी घेतलेल्या माणसांच्या चित्रांत कडा मऊ असत, केसांचा व वस्त्रांचा बराच भाग धूसर असे. या बाईंना भिंग जुळविता येत नाही, अशी टीका अनेक जाणकारांनी केली. त्यांनी आपली रीत सोडली नाही. आज त्या टीकाकारांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. कॅमेरॉन यांची चित्रे मात्र जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

पुढे १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन यांनी ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात धूसरतेला शास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्न केला. माणसाचा डोळा दृष्टीच्या मध्यभागीच स्पष्ट पाहतो, भोवतालचा भाग त्याला मऊ दिसतो. म्हणून मुख्य विषय पुरेसा स्पष्ट ठेवून बाकीचा भाग किंचित धूसर ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते. थोड्याच काळात त्यांनी स्वतःच आपली काही मते मागे घेतली. परंतु मऊ चित्रांची लाट ओसरण्यास आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मंडळींनी एक गट स्थापन केला आणि त्याला ‘एफ/६४’ हे नाव दिले. भिंगाच्या अत्यंत लहान छिद्राचा तो आकडा आहे. छिद्र जितके लहान तितके दृश्य जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट येते, हे तत्त्व त्यांनी आपल्या नावातच कोरून ठेवले होते.

या दोन्ही पक्षांना सत्यच हवे होते, ही गोष्ट विसरता कामा नये. एका पक्षाला वस्तूचे सत्य हवे होते, दुसऱ्याला पाहणाऱ्याच्या अनुभवाचे.

मायकेल ऑर्टन यांची रीत

१९८० च्या दशकाच्या मध्यास कॅनडातील निसर्गछायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी या वादातून एक साधी वाट काढली. ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले. तेथील जंगले पावसाची, धुक्याची आणि शेवाळाची आहेत. सीडर व हेमलॉक यांच्या उंच झाडांखाली नेच्यांची दाटी असते. अशा जंगलात सर्व काही स्पष्ट टिपले तर पानापानांची गर्दी होते आणि डोळ्याला विसावा मिळत नाही. जलरंगातील चित्राचा ओलावा छायाचित्रात आणता येईल काय, हा प्रश्न ऑर्टन यांच्यापुढे होता.

त्यांनी स्लाइडची फिल्म वापरली. स्लाइड म्हणजे पारदर्शिका. तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावर किंवा उजेडाच्या टेबलावर रंगीत चित्र दिसते. ऑर्टन यांनी तिपाईवरून कॅमेरा न हलविता एकाच दृश्याच्या दोन स्लाइड घेतल्या : एक पूर्ण स्पष्ट, दुसरी जाणूनबुजून भिंग चुकवून घेतलेली. दोन्ही नेहमीपेक्षा उजळ ठेवल्या. नंतर त्या एकमेकींवर ठेवून एकाच चौकटीत बसविल्या. दोन पावांमध्ये सारण घालावे तशी ही रचना असल्यामुळे तिला ‘सँडविच’ म्हणत. आता ती ‘ऑर्टन इफेक्ट’ या नावाने जगभर ओळखली जाते. २००१ मध्ये ऑर्टन यांनी निसर्गचित्रणावर लिहिलेले एक पुस्तकही प्रसिद्ध झाले.

दोन चित्रे एकत्र करण्यात नवीन असे काही नव्हते. फ्रान्समधील ग्युस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या काही चित्रांत आकाशासाठी एक व पाण्यासाठी दुसरी निगेटिव्ह वापरली होती. नवीन होते ते हे की, ऑर्टन यांच्या दोन्ही चित्रांत दृश्य तेच, जागा तीच आणि वेळही जवळजवळ तीच होती; भेद केवळ स्पष्टतेचा होता.

गुणाकाराचे गणित

दोन्ही स्लाइड उजळ का घ्यावयाच्या, हे समजले की या रीतीचे रहस्य समजले. एखाद्या नेहमीच्या स्लाइडमध्ये मधल्या छटेचा भाग, समजा, आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ९ वा हिस्सा पलीकडे जाऊ देतो. अशा दोन स्लाइड एकमेकींवर ठेवल्या तर पहिलीतून आलेल्या ९ व्या हिश्श्याचा पुन्हा ९ वा हिस्सा दुसरीतून बाहेर पडेल. म्हणजे मूळ प्रकाशाचा ८१ वा हिस्सा. चित्र काळेकुट्ट दिसेल. पण प्रत्येक स्लाइड इतकी उजळ घेतली की तिच्यातून एक-तृतीयांश प्रकाश जाईल, तर दोहोंतून मिळून ९ वा हिस्साच जाईल. म्हणजे मधली छटा पुन्हा आपल्या जागी येईल.

छायाचित्रकाराच्या भाषेत एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणे. रंगीत स्लाइडची फिल्म दृश्यातील फरक वाढवून नोंदविते. त्यामुळे एक स्टॉप अधिक प्रकाश दिला तर मधल्या छटेची पारदर्शकता दुपटीहून अधिक, साधारणपणे तिप्पट होते असे धरावयास हरकत नाही. म्हणून दोन्ही चित्रे एकेक स्टॉप उजळ घेणे, ही सुरुवात सोयीची ठरते. ऑर्टन यांच्या रीतीचे वर्णन करताना स्पष्ट चित्र दोन स्टॉप व धूसर चित्र एक स्टॉप उजळ, असे प्रमाण पुष्कळदा सांगितले जाते. त्याने एकत्रित चित्र अधिक उजळ होते, आणि स्पष्ट चित्र फिके असल्यामुळे धूसर चित्राचा रंग वरचढ ठरतो.

हाच हिशेब पुढे चालविला की आणखी दोन परिणाम दिसून येतात. नेहमीच्या स्लाइडमधील गडद सावली, समजा, १०० वा हिस्सा प्रकाश सोडते. ती उजळ घेतली तर सुमारे ३३ वा हिस्सा सुटेल. पण दोन स्लाइड एकत्र येताच तो सुमारे १,००० वा हिस्सा होईल. उलट उजळ आकाशाचा भाग दोन्ही स्लाइडमध्ये जवळजवळ मोकळाच राहील. म्हणजे अंधार अधिक गडद होतो, उजेड तसाच राहतो आणि छायाप्रकाशातील अंतर वाढते. रंगांचेही तसेच. एखादे पान लाल प्रकाशाच्या दुप्पट हिरवा प्रकाश सोडत असेल, तर दोन स्लाइडमधून तो चौपट सुटेल. या चित्रांतील रंग इतके भरलेले का दिसतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

आता कडांकडे पाहू. भिंग चुकविले असता प्रत्येक उजळ बिंदू पसरून लहानशी चकती होतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवरील बारीक डहाळ्या त्या पसरलेल्या उजेडात विरघळून जातात; धूसर स्लाइडमध्ये तेथे केवळ रंगाचा एक मंद थर उरतो. पण स्पष्ट स्लाइडमध्ये त्याच डहाळ्या रेषेसारख्या शाबूत असतात. दोन्ही एकत्र आल्या की खाली रंगाचा ओला थर आणि वर शाईची रेघ, असा परिणाम होतो. जलरंगाचा भास होतो तो यामुळे. रेषा आणि रंग ही दोन कामे दोन स्लाइडनी वाटून घेतलेली असतात.

प्रत्यक्ष कृती

उदाहरणासाठी ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग घेऊ. आकाश ढगाळ आहे, वारा नाही, आणि समोर काही अंतरावर झाडांची रांग आहे. प्रकाशमापकाने एफ/१६ या छिद्रास अर्धा सेकंद दाखविला.

पहिले चित्र स्पष्ट घ्यावयाचे आहे. छिद्र एफ/१६ ठेवून, एक स्टॉप उजळ म्हणून, एक सेकंद प्रकाश द्यावा. कॅमेरा भक्कम तिपाईवर हवा आणि शटर केबल रिलीजने सोडावे. कारण या चित्रातील प्रत्येक रेघ पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसऱ्या चित्रासाठी छिद्र पूर्ण उघडावे, समजा एफ/२. एफ/१६ पासून एफ/२ पर्यंत सहा स्टॉप होतात; म्हणजे प्रकाश ६४ पट वाढतो. तेव्हा एक सेकंदाऐवजी १/६० सेकंद पुरे. छिद्र मोठे का घ्यावयाचे? कारण भिंग चुकविल्यावर बिंदूची जी चकती होते तिची रुंदी छिद्राच्या रुंदीबरोबर वाढते. एफ/१६ ला भिंग कितीही फिरविले तरी धूसरता फारशी येत नाही. एफ/२ ला ती आठपट मिळते.

भिंग किती चुकवावे, हा खरा अनुभवाचा प्रश्न आहे. पण हिशेबाने अंदाज बांधता येतो. भिंगाचे कडे ३ मीटर अंतरावर फिरविले तर दूरच्या बिंदूची फिल्मवर सुमारे ०.४ मिलिमीटरची चकती होते. ते १ मीटरवर आणले तर सुमारे १.३ मिलिमीटरची होते. फिल्मवरील चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, तर पहिली धूसरता सौम्य व दुसरी दाट का वाटते हे कळेल. सुरुवात ३ मीटरपासून करावी. मात्र त्या अंतरावर एखादे झुडूप असेल तर धूसर चित्रात नेमके तेच स्पष्ट येईल आणि सगळा बेत फसेल. म्हणून ज्या अंतरावर भिंग जुळवावयाचे तेथे काहीही असता कामा नये.

आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे. भिंग जवळच्या अंतरावर जुळविताना ते फिल्मपासून पुढे सरकते आणि चित्र किंचित मोठे होते. वरील ५० मिलिमीटरच्या भिंगात १ मीटरला ही वाढ सुमारे ५ टक्के होते. म्हणजे चित्राच्या डाव्या-उजव्या कडेला जवळजवळ १ मिलिमीटरचा फरक पडतो. ३ मीटरला ती २ टक्क्यांहूनही कमी असते. धूसर चित्र थोडे मोठे असल्याने स्पष्ट रेषांबाहेर रंगाची एक झाक दिसते. ती मर्यादेत असेल तर शोभते, वाढली तर चित्र दुहेरी दिसू लागते. दोन स्लाइड जुळविताना चौकटीच्या कडा नव्हे, तर चित्राचा मध्य किंवा मुख्य विषय जुळवावा.

धुऊन आलेल्या स्लाइड चौकटीतून काढून, कडांनाच हात लावून, उजेडाच्या टेबलावर एकमेकींवर ठेवाव्यात. बारीक कुंचल्याने धूळ झाडावी. कारण दोन स्लाइड म्हणजे धुळीला चार पृष्ठभाग. भिंगातून पाहत त्या सरकवाव्यात, जुळल्यावर छिद्रांच्या पट्टीवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा आणि शक्य तर काचेच्या चौकटीत बसवाव्यात. काच नसेल तर प्रक्षेपकाच्या उष्णतेने फिल्म फुगते आणि दोहोंमधील जुळणी बिघडते.

एकाच फिल्मवर दोनदा

ज्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे न सरकवता पुन्हा शटर ताणता येते, त्यात एकाच फिल्मवर स्पष्ट व धूसर अशी दोन्ही चित्रे घेता येतात. आजच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतही ही सोय आहे. वरवर पाहता ही पद्धत सँडविचसारखीच वाटते. गणित मात्र अगदी उलट आहे. येथे प्रकाशाचा गुणाकार होत नाही, बेरीज होते. म्हणून येथे प्रत्येक चित्राला अधिक नव्हे, तर निम्मा प्रकाश द्यावा लागतो; म्हणजे प्रत्येकी एक स्टॉप कमी.

परिणामही वेगळा होतो. बेरजेत काळा भाग म्हणजे शून्य, आणि शून्यात जे मिळवावे ते दिसते. आकाशाचा पसरलेला उजेड झाडाच्या काळ्या बुंध्यावर येतो आणि बुंध्याची कड करडी होते. सगळ्या चित्रावर एक मंद प्रभा पसरते, पण गडद रंग फिके पडतात. सँडविचमध्ये मात्र स्पष्ट स्लाइडमधील काळा भाग काळाच राहतो. त्यावर कोणताही उजेड पसरू शकत नाही. बेरजेने प्रभा मिळते, गुणाकाराने गडदपणा व रंग. बर्फ, फुलांचा बहर किंवा पाण्यावरील चकाकी यांना बेरीज मानवते. जंगल, शेवाळ व शरदातील पाने यांना गुणाकार. दोन्ही पद्धतींना एकच समजून प्रमाण ठरविणारा नवशिक्या हमखास फसतो : त्याची स्लाइड एक तर काळी होते, नाहीतर पांढरी.

संगणकावरील पद्धत

स्लाइडच्या फिल्मचे दिवस आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले; एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद होऊन २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. बहुतेक लोक आज हा परिणाम संगणकावर साधतात. स्पष्ट चित्राची एक प्रत करावयाची, ती उजळावयाची, तिची दुसरी प्रत काढून धूसर करावयाची आणि ‘मल्टिप्लाय’ या पर्यायाने दोन्ही थर एकत्र करावयाचे. ‘मल्टिप्लाय’ या शब्दाचा अर्थच गुणाकार. उजेडाच्या टेबलावरील तीच क्रिया येथे आकड्यांनी होते. ६,००० बिंदू रुंदीच्या चित्रास २० ते ५० बिंदूंची धूसरता ही सुरुवातीस ठीक असते. वरच्या थराचे प्रमाण १५-२० टक्क्यांपर्यंत उतरविले तर परिणाम केवळ जाणवतो, डोळ्यात खुपत नाही.

तरीही भिंगाची धूसरता आणि संगणकाची धूसरता यांत दोन भेद आहेत. भिंगाची धूसरता वस्तूच्या अंतराप्रमाणे बदलते. संगणक, त्याला वेगळे सांगितले नाही तर, जवळचे व दूरचे सारखेच पुसतो. दुसरे असे की, पाण्यावरील चकाकीसारखा अतिउजळ बिंदू भिंग चुकविल्यावरही तेजस्वी चकती होऊन उरतो. चित्र आधी टिपून मग धूसर केले असेल, तर तो बिंदू टिपतानाच ‘पांढरा’ या मर्यादेवर थांबलेला असतो. त्याला पसरविले की करडा डाग होतो. म्हणून संगणक वापरणाऱ्यानेही शक्य तेव्हा जागेवरच भिंग चुकवून दुसरे चित्र घ्यावे. त्याला एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

कोणते दृश्य निवडावे

गुणाकाराने छायाप्रकाशातील अंतर वाढते हे आपण पाहिले. यावरून पहिला नियम निघतो : मुळात अंतर कमी असेल असा उजेड निवडावा. ढगाळ दिवस, धुके, सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास, पाऊस थांबल्यानंतरची वेळ यांत ही रीत खुलते. भर दुपारच्या उन्हात सावल्या काळ्या डागांसारख्या होतात.

दुसरा नियम रेषांचा. चित्राला सांगाडा हवा. काश्मीरमधील चिनारचा बुंधा, कुमाऊँतील देवदारांचे उभे खांब, केरळातील पाण्यावर झुकलेला नारळ, निलगिरीच्या डोंगरखळग्यांतील शोला वनांतील वेड्यावाकड्या फांद्या, या दृश्यांत मूळचीच रेषा आहे. उलट, सगळीकडे सारखे गवत किंवा दूरवरची फिकट टेकडी असेल तर दुसऱ्या चित्राला धरून ठेवण्यासारखे काही नसते. धूसर आणि धूसर मिळून धूसरच होते. चित्र कच्चे आहे म्हणून त्यावर धूसरतेचे पांघरूण घालावे असे वाटत असेल, तर ते चित्र टाकून द्यावे. या रीतीने चांगल्या चित्राला वातावरण मिळते, वाईट चित्राला आसरा मिळत नाही.

तिसरे चित्र

या विवेचनाच्या शेवटी स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. पुष्कळ वर्षांपूर्वी कुमाऊँतील एका उतारावरील देवदारांची मी या रीतीने चित्रे घेतली होती. पहाट होती, खालच्या दरीतून धुके वर येत होते. दोन-तीन सकाळी खर्चून एक सँडविच मनासारखे जमले. ते पाहणाऱ्यांना आवडे. मलाही त्याचा अभिमान होता.

काही वर्षांनी त्या उतारावरून जाणारा रस्ता रुंद झाला आणि बरीच झाडे तोडली गेली. गावातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या अंगणात मी तेव्हा तिपाई ठेवीत असे, त्यांनी निरोप पाठविला : आपल्याकडे त्या झाडांचा फोटो आहे ना? वरच्या ओळीत किती झाडे होती आणि देवळाजवळचे मोठे झाड कोठे होते, एवढे त्यातून दिसले तर बरे होईल. नवी रोपे तेथेच लावावयाची आहेत.

मी स्लाइड काढल्या. धूसर स्लाइडचा उपयोग नव्हताच. स्पष्ट स्लाइड दोन स्टॉप उजळ घेतलेली होती. तिच्यात पुढचे चार बुंधे होते, पण वरची ओळ धुक्याच्या उजेडात पार पुसली गेली होती. एकत्र ठेवल्या तर देखणे चित्र, वेगळ्या केल्या तर दोन निकामी तुकडे. तीन सकाळी मी त्या झाडांसमोर उभा होतो आणि एकही साधे चित्र मी घेतले नव्हते. त्या गृहस्थांना मला तसे कळवावे लागले. त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो आणि वाचकांनाही तिची शिफारस करतो. या रीतीसाठी दोन नव्हे, तीन चित्रे घ्यावीत. पहिले चित्र नेहमीच्या प्रकाशाचे, पूर्ण स्पष्ट, कोणताही हेतू मनात न धरता. दुसरे स्पष्ट व उजळ. तिसरे धूसर व उजळ. नंतरची दोन आपल्या अनुभवाची. पहिले त्या जागेचे. वृत्तपत्र, शास्त्रीय नोंद किंवा एखाद्या जागेचा पुरावा म्हणून जेव्हा चित्र द्यावयाचे असेल तेव्हा ते पहिलेच द्यावे, आणि सँडविच कोठे दाखविले तर ते दोन चित्रांपासून केलेले आहे असे त्याखाली लिहावे. त्यामुळे त्याचे सौंदर्य उणावत नाही.

अभ्यासासाठी

वाचकाने घराजवळचे एखादे झाड निवडावे. ढगाळ सकाळी तिपाईवरून वर सांगितल्याप्रमाणे प्रथम साधे चित्र घ्यावे. मग भिंग पाच, तीन, दोन व एक मीटरवर आणून चार धूसर चित्रे घ्यावीत आणि एकच स्पष्ट, उजळ चित्र त्या चौघांवर आळीपाळीने ठेवून पाहावे. त्यानंतर तोच प्रयोग एकाच चौकटीत दोनदा प्रकाश देऊन करावा, म्हणजे बेरीज व गुणाकार यांतील भेद डोळ्यांना कळेल. शेवटी या सर्वांशेजारी ते साधे चित्र ठेवावे आणि स्वतःला विचारावे : धूसरतेने या झाडाविषयी काय अधिक सांगितले, आणि काय झाकले?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील, त्याला ही रीत समजली असे म्हणावयास हरकत नाही.